लोखंड कीं अन्य धातु ?



ता. २ जुलै १८८१ रोजीं अमेरिकेचे अध्यक्ष जेम्स गारफील्ड यांजवर वॉशिंग्टनच्या रेल्वेस्टेशनांत एकानें गोळ्या झाडल्या. एक गोळी शरीरांत रुतून राहिली व ती कोठें आहे हें डॉक्टरांस कळेना. तेव्हां टेलिफोनचे जनक अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल धातु शोधण्याचें एक विद्युद्‌यंत्र घेऊन रुग्णाच्या बिछान्यापाशीं आले. परंतु यंत्राचा आवाज निश्चित जागा दाखवीना. मागाहून कळलें कीं, रुग्णाच्या गादीखालीं पोलादी तारांची दुसरी गादी होती ! गोळी सांपडली नाहीं, आणि १९ सप्टेंबर रोजीं अध्यक्ष निवर्तले. त्या अपयशास इतरहि कारणें होतीं. तथापि शिसें शोधणाऱ्यास लोखंड कसें चकवितें, याचें हें जुनें उदाहरण आहे. आजच्या ‘पल्स इंडक्शन’ धातुशोधक यंत्रापुढेंहि हाच प्रश्न उभा आहे.

हें यंत्र काम कसें करितें तें प्रथम पाहूं. बाजारांत तांब्या विकत घेतांना आपली आई त्यावर टिचकी मारते व नाद किती वेळ घुमतो तें ऐकते. यंत्राची रीत कांहींशी तशीच आहे. तारेच्या वेटोळ्यांतून विजेचा झटका पाठवून तो एकाएकीं तोडला जातो. वेटोळ्याभोंवतालचें चुंबकीय क्षेत्र असें अकस्मात् नाहींसें होतांच, मायकेल फॅरडे यांनीं १८३१ सालीं शोधिलेल्या तत्त्वाप्रमाणें, जवळच्या धातूंत विजेचे भोंवरे उत्पन्न होतात. ते विरत असतां यंत्र कान देऊन ऐकतें. झटका तुटल्यावर साधारणतः १० ते २० मायक्रोसेकंदांनीं हें ऐकणें सुरू होतें. मायक्रोसेकंद म्हणजे सेकंदाचा दहा लाखावा भाग. खाऱ्या पाण्यांतील भोंवरे तोंवर बहुतेक विरून जातात. म्हणून समुद्रांतील शोधास हें यंत्र सोयीचें पडतें.

मग त्यास लोखंड वेगळें कां ओळखतां येत नाहीं ? भोंवरे किती वेळ टिकतील हें तीन गोष्टींवर अवलंबून असतें : धातूची विद्युद्‌वाहकता, वस्तूचा आकार व जाडी, आणि चुंबकत्व ग्रहण करण्याची तिची शक्ति. लोखंडाची वाहकता तांब्याच्या सुमारें एकषष्ठांश. त्या हिशेबानें त्यांतील भोंवरे लवकर विरावयास हवेत. परंतु चुंबकत्वाचा गुण त्यांस रेंगाळत ठेवितो. त्यामुळें लोखंडी बोल्ट व चांदीचें नाणें यांचा नाद यंत्रास सारखाच भासूं शकतो. उलटपक्षीं, बारीक सोनसाखळीचा नाद यंत्र ऐकूं लागण्यापूर्वींच विरून जातो. सारांश, यंत्र ‘किती वेळ’ एवढेंच मोजतें. ‘कोणता धातु’ हें मोजीत नाहीं.

हे दोन गुण घरींहि पाहतां येतील. वडील मंडळींच्या देखत एक जोरदार लोहचुंबक तांब्याच्या उभ्या नळींतून सोडा. तांब्यास तो चिकटत नाहीं, तरी भोंवऱ्यांच्या विरोधामुळें सावकाश उतरतो. लोखंडी नळींत मात्र तो कडेस चिकटून बसतो.

ओळख पटविण्याचे कांहीं उपाय आहेत. झटका चालू असतांनाच ऐकलें, तर लोखंड चुंबक बनून क्षेत्रास बळ देतें, आणि तांबें व सोनें यांतील भोंवरे त्यास विरोध करितात. पण मातींतील लोहयुक्त खनिजेंहि लोखंडाचेंच सोंग घेतात. दुसरा उपाय हाताचा. लांब खिळ्यावरून यंत्र त्याच्या लांबीच्या दिशेनें फिरविल्यास पुष्कळदां दोन नाद येतात व आडवें फिरविल्यास एकच. सपाट पडलेलें नाणें दोन्ही दिशांनीं एकच नाद देतें. परंतु लोखंडी वॉशरहि गोलच असतो !

खजिना शोधणाराची चूक झाली, तर फार तर एक नाणें हुकेल. कंबोडियासारख्या देशांत युद्धकाळीं पेरलेले भूसुरुंग काढणाराची गोष्ट निराळी. कांहीं सुरुंगांचें अंग प्लास्टिकचें असून आंत धातु म्हणजे केवळ एखादी स्प्रिंग वा टांचणीएवढा तुकडा असतो, आणि तोहि पुष्कळदां पोलादाचा. “लोखंड दिसतें, सोडून द्या,” असें म्हणणें तेथें प्राणघातक होईल. म्हणून तो प्रत्येक नादाशीं गुडघे टेकतो व बाजूनें हळुहळू माती काढितो. बहुतेक वेळां गंजका खिळाच निघतो. तरी पुढच्या नादाशीं तो तितक्याच सावधपणें थांबतो.

विद्यार्थ्यांनो, यंत्र जेवढें सांगतें तेवढेंच त्याजपासून घ्यावें. उरलेलें काम धीरानें आपल्या हातांनींच करावयाचें असतें.