बोल्ट कसताना अंदाज नको, माप हवे

भिवंडीच्या गोदामांमुळे खारबाव ते अंजूरफाटा रस्त्यावर ट्रक-टेम्पोंची सतत ये-जा असते. त्यांची दुरुस्ती करून आपल्या अनेक कारागिरांचा हात तयार झाला आहे. परंतु जोरदार इंजिनाची मोटार दुरुस्तीला आली, की नुसता हाताचा अंदाज पुरत नाही.

क्लच बदलताना गिअरबॉक्स उतरतो. मग फ्लायव्हील, प्रेशर प्लेट आणि शाफ्टचे बोल्ट पुन्हा कसावे लागतात. इंजिनाची सारी ताकद याच जोडांतून चाकांपर्यंत जाते. कसलेला बोल्ट स्प्रिंगसारखा किंचित ताणला जातो व त्या ताणाने दोन्ही भाग दाबून धरतो. कमी कसला तर जोड सरकतो आणि बोल्ट तुटतो. जास्त कसला तर बोल्ट कायमचा लांबतो व पकड जाते.

साधा हिशेब पाहा. ३० सेंमी लांब पान्यावर १५ किलोचा जोर दिल्यास सुमारे ४४ न्यूटन-मीटर टॉर्क पडतो. १० मिमी जाडीच्या, डोक्यावर ८.८ आकडा असलेल्या बोल्टला साधारण तेवढाच लागतो. पाइप लावून पान्याची लांबी दुप्पट केली, की त्याच जोराचे ८८ होतात आणि बोल्ट वाया जातो.

म्हणून पुढील पथ्ये पाळावीत :

१) टॉर्कचा आकडा त्या गाडीच्या मॅन्युअलमधूनच घ्यावा.

२) आटे साफ करावेत. सांगितल्याशिवाय तेल लावू नये. टॉर्कचा सुमारे ९० टक्के भाग घर्षणात जातो. तेल लागले की त्याच आकड्यावर बोल्ट जास्त ताणला जातो.

३) समोरासमोरचे बोल्ट आळीपाळीने, दोन-तीन टप्प्यांत कसावेत.

४) अनेक गाड्यांचे फ्लायव्हील बोल्ट एकदाच वापरायचे असतात. ते टॉर्क देऊन पुढे ठरावीक अंश फिरवतात. तिथे जुने बोल्ट लावू नयेत.

५) टॉर्क रेंचने बोल्ट खोलू नयेत. काम संपल्यावर तो सर्वांत कमी आकड्यावर आणून ठेवावा व वर्षातून एकदा तपासून घ्यावा.

६) कसून झालेल्या बोल्टवर रंगाची खूण करावी.

नव्या बोल्टांची किंमत गिऱ्हाइकाला आधीच सांगावी. जुने बसवून नव्यांचे पैसे घेणे ही उघड खियानत आहे. गाडी आपल्याकडे अमानत असते. गिअरबॉक्स चढवल्यावर आतले काम गिऱ्हाइकाला दिसत नाही. अल्लाहला मात्र दिसते.