चाळिशीनंतर कोळंबी का सोसेना?

प्रश्न : मी ४३ वर्षांची. माहेर मालवणचं, लहानपणापासून कोळंबी खात आले. अलीकडे दोनदा कोळंबीचं कालवण खाल्ल्यावर ओठ सुजले, अंगावर गांधी उठल्या. सासूबाई म्हणतात, कोळंबी शिळी असेल. आता मासळी कायमची बंद का?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : ताई, आयुष्यभर सोसलेला पदार्थ चाळिशीत बाधू शकतो. कोळंबी-खेकड्यांची ॲलर्जी तर बऱ्याचदा मोठेपणीच सुरू होते. ताज्या कोळंबीनंही हा त्रास होतो, कारण मुख्य दोष तिच्यातल्या ट्रोपोमायोसिन या प्रथिनाचा आणि ते शिजवूनही टिकतं. म्हणून ‘नीट उकळून थोडी खाऊन बघ’ हा सल्ला कृपया ऐकू नका.

सुरमई, पापलेट यांतलं ॲलर्जी आणणारं मुख्य प्रथिन वेगळं असतं. त्यामुळे सगळी मासळी सुटेलच असं नाही. मात्र ॲलर्जीतज्ज्ञांकडून त्वचेची किंवा रक्ताची तपासणी होईपर्यंत कोळंबी, खेकडा, शेवंड पूर्ण बंद. तिसऱ्या, कालवंही नकोत. सोडे आणि जवळा विसरू नका. वांग्याच्या भाजीत चार सोडे पडले तरी त्रासाला पुरे. हॉटेलात कोळंबीच्याच तेलात पापलेट तळतात का, हे आवर्जून विचारा. काहींना शिजत्या कोळंबीची वाफही सोसत नाही.

नुसत्या गांधींना डॉक्टरांनी दिलेली ॲलर्जीची गोळी चालते. पण धाप लागली, घसा आवळला, भोवळ आली तर गोळीच्या भरवशावर थांबू नका, तडक रुग्णालय गाठा. तेव्हा ॲड्रेनलिनचं इंजेक्शनच लागतं. तपासणीला जाताना काय खाल्लं आणि किती वेळानं त्रास झाला, हे लिहून न्या.