आत कोण, बाहेर कोण?

सिनियर सिस्टरनी तिचं मनगट धरलं, तेव्हा सिरिंज सलाईनच्या नळीवरच्या थ्री-वेला लागायचीच बाकी होती. सिरिंजमध्ये पोटॅशियम क्लोराइडचं एक अख्खं ॲम्प्युल होतं, दहा मिली. "थांब. केसीएल आहे ना हे? ऑर्डर परत वाच." ऑर्डर स्पष्ट होती: पाचशे मिली सलाईनमध्ये मिसळून, सावकाश. ती घाईत निम्मीच वाचली गेली होती. पेशंटला काही झालं नाही. सिस्टरनी ते औषध बाटलीत घालायला लावलं, बाटली चार वेळा उलटीसुलटी करून नीट मिसळायला लावली, वर लेबल चिकटवलं आणि ड्रिपचे थेंब स्वतः मोजले.

नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला असलेली ती मुलगी त्या रात्री हॉस्टेलवर हिशेब मांडून बसली. रक्तद्रवात, म्हणजे प्लाझ्मात, लिटरमागे साधारण ४ मिलीइक्विव्हॅलंट पोटॅशियम असतं. प्लाझ्मा सुमारे तीन लिटर. म्हणजे एकूण १२. आणि त्या एका ॲम्प्युलात होतं २०. अख्ख्या प्लाझ्मात जेवढं पोटॅशियम फिरत असतं त्याहून जास्त, काही सेकंदांत, थेट हृदयाच्या वाटेवर.

केसीएल कधीही थेट शिरेत ढकलायचं नाही, हा नियम तिला पाठ होता. तो का आहे, हे माहीत नव्हतं. माहीत असतं तर ॲम्प्युल हातात घेतानाच बोटं थबकली असती, असं ती आज ट्यूटर म्हणून विद्यार्थिनींना सांगते. त्या 'का'चं उत्तर वर्षभर आधीच तिच्या हातून निसटलं होतं.

बी.एस्सी. नर्सिंगच्या पहिल्या सेमिस्टरला ॲनॅटॉमी आणि फिजिऑलॉजी एकाच पेपरात येतात. शाळा मराठी माध्यमाची, समोरचं पुस्तक इंग्रजी. तिनं सरळ पाठांतराचा रस्ता धरला. ॲक्शन पोटेन्शियलचा, म्हणजे चेतापेशीच्या विद्युत आवेगाचा, आलेख तिच्या वहीत तीन रंगांत होता. पेपरात चेतापेशीवर मोठा प्रश्न आला. तिनं आलेख हुबेहूब काढला, पण खाली लिहिताना पोटॅशियम आत घुसवलं, सोडियम बाहेर काढलं आणि पेशी पूर्वपदावर आणण्याचं सगळं काम सोडियम-पोटॅशियम पंपावर सोपवलं. विषय राहिला. निकालाचं दुःख तिनं केलं, चुकीचा शोध मात्र घेतला नाही. पुन्हा परीक्षा देताना तोच आलेख अधिक घोटून पास झाली. ती सांगते, "नापास झाले ते परवडलं. न समजता पास झाले, ते महागात पडलं असतं."

आता ती आलेखाला हात लावण्याआधी मुलींना एक गोल काढायला लावते. गोलाच्या आत पोटॅशियम १४०, बाहेर ४. सोडियम आत १४, बाहेर १४०च्या आसपास. मग एकच प्रश्न: आत कोण, बाहेर कोण? ज्याची जिथे गर्दी, तो तिथून निघायला बघणार. शांत पेशीत पोटॅशियमच्या वाटा थोड्या उघड्या असतात, म्हणून ते बाहेर झिरपतं. जाताना धनभार घेऊन जातं आणि आतली बाजू ऋण होते. चेतापेशीत सुमारे उणे ७० मिलिव्होल्ट. संवेदना आली, व्होल्टेज उणे ५५च्या जवळ पोचलं की सोडियमची दारं धडाधड उघडतात. या पातळीला पुस्तकात थ्रेशोल्ड म्हणतात. मराठीत तो सरळ उंबरठा आहे, आणि हा शब्द वापरला की वर्गात पुढचं वेगळं समजवावं लागत नाही. उंबरठा ओलांडला तर आवेग पूर्ण उमटतो, नाही ओलांडला तर उमटतच नाही. टोचणी जोराची असली म्हणून आवेग मोठा होत नाही. आवेग अधिक वेळा येतात.

पंपाची चूक तर जवळजवळ प्रत्येक बॅचमध्ये भेटते. सोडियम आत आल्यावर पेशीला पुन्हा ऋण करतं ते बाहेर पडणारं पोटॅशियम. पंप तीन सोडियम बाहेर टाकतो, दोन पोटॅशियम आत घेतो, पण ते काम मागून, संथपणे चालू असतं. एका आवेगात इतके थोडे आयन जागा बदलतात की पंप थांबवला तरी जाड चेतातंतू बराच वेळ आवेग वाहू शकतो. हे माकुळाच्या, म्हणजे स्क्विडच्या, चेतातंतूवर प्रयोग करून दाखवलं गेलं आहे. हॉजकिन आणि हक्सली यांनी १९३९ साली इंग्लंडमधल्या प्लिमथ इथे माकुळाच्याच चेतातंतूत इलेक्ट्रोड घालून आवेग मोजला. तो तंतू जवळपास अर्धा मिलिमीटर जाड असतो, नुसत्या डोळ्यांनी दिसणारा. १९६३च्या नोबेलपर्यंत पोचलेला हा प्राणी कोकणातल्या मासळी बाजारात मिळतो, हे कळल्यावर वर्गातल्या किनारपट्टीच्या मुली हमखास मान वर करतात.

मग येतो तिचा जुना प्रश्न: पोटॅशियम वाढलं की हृदय का थांबतं? बाहेरचं पोटॅशियम वाढलं की आतून बाहेर जाण्याची ओढ कमी होते. आतली बाजू कमी ऋण राहते आणि उंबरठ्याच्या जवळ सरकते. इथवर आलेली हुशार मुलगी म्हणते, मग पेशी जास्त चेतायला हवी. सुरुवातीला तसं होतंही. पण सोडियमचं दार उंदराच्या सापळ्यासारखं आहे. एकदा मिटलं की पुन्हा लावल्याशिवाय चालत नाही, आणि सापळा लावला जातो फक्त पेशी पुरेशी ऋण झाल्यावर. तेवढी ऋण ती होतच नाही. मग सापळे मिटलेलेच राहतात, हृदयातला आवेग मंदावतो आणि शेवटी विझतो. ईसीजीवर आधी टोकदार टी लहर दिसते, पुढे क्यूआरएस रुंदावतो. अशा वेळी डॉक्टर कॅल्शियम ग्लुकोनेट देतात. त्यानं रक्तातलं पोटॅशियम जराही उतरत नाही. ते हृदयपेशीच्या पडद्याला तात्पुरता आधार देतं. पोटॅशियम पेशींच्या आत ढकलायचं काम ग्लुकोजसोबत दिलेलं इन्सुलिन करतं. ही दोन कामं वेगळी सांगता येणं म्हणजे प्रकरण कळणं, असं तिचं मत आहे, आणि ते पटण्यासारखं आहे.

कॅल्शियमपाशी आणखी एक खड्डा आहे. कॅल्शियमनं स्नायू आकुंचन पावतो, मग ते कमी झालं की स्नायू ढिला पडेल, असं मुली लिहितात. घडतं उलटं. बाहेरचं कॅल्शियम कमी झालं की चेतापेशीची सोडियमची दारं जरा सहज उघडतात आणि चेता उगाचच आवेग सोडत राहते. थायरॉइडच्या ऑपरेशननंतर पेशंट ओठांभोवती मुंग्या येतात म्हणाला, किंवा बीपी घेताना कफ फुगवलेला असताना त्याचा पंजा मनगटातून वाकला, तर कॅल्शियम उतरलंय हे तिथेच ओळखायचं असतं. कफ तर नर्सच्याच हातात असतो.

वॉर्डातल्या वस्तू हेच पाठ्यपुस्तक आहे, हे ती आवर्जून सांगते. रिंगर लॅक्टेटची बाटली रोज हाताळली जाते. १८८०च्या दशकात सिडनी रिंगर यांच्या लंडनच्या प्रयोगशाळेत बेडकाचं हृदय नळाच्या पाण्यात केलेल्या द्रावणात धडधडत राहिलं आणि ऊर्ध्वपातित पाण्याच्या द्रावणात थांबलं. फरक होता नळाच्या पाण्यातल्या कॅल्शियमचा. ही गोष्ट ऐकलेली मुलगी बाटलीवरचं लेबल वाचल्याशिवाय राहत नाही.

आपल्याकडच्या ग्रामीण रुग्णालयांत तर हा धडा रोज समोर येतो. मण्यारीचं विष चेतातंतूच्या टोकावर घाव घालतं. स्नायूला निरोप देणारं ॲसिटिलकोलिन सुटत नाही, पापण्या मिटतात आणि पुढे श्वास अडतो. काही कीटकनाशकांच्या विषबाधेत उलटं, ॲसिटिलकोलिन मोडणारं एन्झाइमच बंद पडतं. लाळ, घाम, बारीक बाहुल्या. ॲट्रोपिन देताना छाती कोरडी होतेय का, यावर नर्सनं नजर ठेवायची असते. लाल विंचवाचं विष सोडियमची दारं मिटू देत नाही. चेता पेटल्यासारख्या होतात, बीपी चढतं, फुफ्फुसात पाणी साठतं. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी यावर प्राझोसिनचा उपचार रुजवला. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. विंचवाच्या एका पेशंटला समजून घेतलं की सोडियम चॅनेल पुन्हा घोकावं लागत नाही.

अभ्यासाच्या बाबतीत तिचं म्हणणं थोडक्यात असं. पेपर इंग्रजीत लिहायचा असला तरी समजून घ्यायचं मराठीत, तेही मोठ्यानं बोलून, मैत्रिणीला सांगत. कोरा कागद घेऊन वही न बघता गोल काढायचा, आकडे भरायचे, मग आलेख. दुसऱ्या दिवशी त्यातलं एक काहीतरी बदलायचं: बाहेरचं पोटॅशियम ७ केलं तर रेघ कुठे सरकेल? हृदयाचा आलेख वेगळा काढायचा. चेतापेशीचा आवेग एक-दोन मिलिसेकंदांत संपतो, हृदयस्नायूचा दोनशे ते तीनशे चालतो, कारण मध्ये कॅल्शियम आत येत राहतं. म्हणूनच हातापायाच्या स्नायूसारखा हृदयात पेटका येत नाही. उत्तरपत्रिकेत अक्षांवर एककं लिहायची आणि प्रत्येक बाणावर आयनाचं नाव. बाणाची दिशा तपासल्याशिवाय पुढच्या प्रश्नाला हात लावायचा नाही.

पहिल्या सेमिस्टरची तिची ती वही अजून कपाटात आहे. तीन रंगांतल्या आलेखाचं पान, उलटे बाण, खाली पंपाविषयीच्या चार चुकीच्या ओळी. दर वर्षी प्रकरण संपलं की ती त्या पानाची झेरॉक्स काढून वाटते आणि चुका शोधायला सांगते. मुली पेन्सिलीनं बाण फिरवतात, ओळी खोडतात, आपापसांत वाद घालतात. मूळ पान तिनं दुरुस्त केलेलं नाही. पुढच्या बॅचला ते तसंच लागतं.