मोत्याचे लसीचे कार्ड

साताऱ्याहून मुंबईस बिऱ्हाड हलविल्यावर आमच्या मोत्याला नव्या डॉक्टरांकडे नेले. परळला जनावरांचे मोठे रुग्णालय आहे. आम्ही मात्र घराजवळच गेलो. नाव, वय, वजन नोंदवून होताच डॉक्टरांनी लसीचे कार्ड मागितले. ते सामान बांधताना माझ्याच हातून हरवले होते! पुरावा नाही म्हणून लसी पुन्हा टोचाव्या लागल्या. माझ्या वह्यापुस्तकांचे पैसे त्यात गेले. वाचकहो, रेबीजची लक्षणे दिसू लागल्यावर कुत्र्याला वाचविता येत नाही, तेव्हा लसीत काटकसर नको. तपासण्यांचे तसे नाही. कोणती आजच हवी, कोणती थांबेल, हे मी भीतभीत विचारले. डॉक्टर रागावले नाहीत; दोन पुढे ढकलल्या. नवे कार्ड आता आईच्या रेशनकार्डाशेजारी असते.