शिंदळमाकुडी लावताना लक्षात ठेव

हिमालयात उंचावर दगडाला बिलगून उशीसारखी वाढणारी झाडं असतात. ती सिन्नरला आणू नकोस, पोरी. आपला वैशाख त्यांना सोसत नाही. कड्यावरचं झाड लावायची हौस असेल तर सह्याद्रीची शिंदळमाकुडी लाव. शिवनेरी, वज्रगड अशा मोजक्याच कड्यांवर ती उरली आहे आणि महाराष्ट्राबाहेर रानात सापडत नाही. डाल्झेल या वनस्पतितज्ज्ञानं १८६०च्या दशकात मुंबईचे गव्हर्नर बार्टल फ्रियर यांच्या नावावरून तिला फ्रेरिया इंडिका म्हटलं. हे झाड तहानेपेक्षा पाण्यानं जास्त मरतं, एवढं ध्यानात ठेवलंस की बाकीचं सोपं आहे.

माती : चाळलेला मुरूम आणि जाड वाळू मिळून तीन वाटे, कुजलेलं शेणखत एक वाटा. काळी माती अजिबात नको. ती पाणी धरून ठेवते आणि मुळं कुजतात. कुंडी मातीची, उथळ आणि तळाला भोक असलेली घे. भोकावर खापराचा तुकडा ठेव.

कलम : उन्हाळा सरता सरता बोटभर फांदी धारदार पात्यानं काप. सावलीत चार-पाच दिवस ठेवून काप पूर्ण सुकू दे, मगच लाव. ओला काप मातीत गेला की सडतो. लावल्यावर आठवडाभर पाणी देऊ नकोस.

जागा : सकाळचं ऊन मिळेल अशी. कुंडी कठड्यावर किंवा टांगून ठेव. या झाडाला खाली लोंबायची सवय आहे.

पाणी : पावसाळ्यात माती वाळली की दे. झड लागली तर कुंडी पागोळ्यांपासून दूर, आडोशाला ने. दिवाळीनंतर हात आखडता घे. बोअरच्या पाण्यानं मातीवर पांढरा थर धरत असेल तर पावसाचं साठवलेलं पाणी वापर.

पानगळ : कोरड्या दिवसांत पानं झडतात आणि मांसल दांडे तेवढे राहतात. झाड मेलं समजून उपटू नकोस की घाबरून पाणी ओतू नकोस. दांडे सुरकुतले तर थोडं शिंपड. मृगाच्या सरींनी पुन्हा पालवी येते.

फुलं : पावसाळा उतरताना पिवळ्या ठिपक्यांची, गर्द तांबडी चांदणीसारखी फुलं येतात. त्यांवर माश्या बसल्या तर हाकलू नकोस, परागीभवन त्याच करतात.

कीड : पिठ्या ढेकूण पानाच्या बगलेत आणि मुळांशी लपतो. कापसाच्या बोळ्यानं पुसून काढ, निंबोळी अर्क फवार.

आणि शेवटचं. गडावर ती दिसली तर डोळे भरून बघ, पण फांदीला हात लावू नकोस. रोप विश्वासाच्या रोपवाटिकेतून किंवा कुणाच्या कुंडीतल्या कलमातूनच घे. तुझं झाड वाढलं की दरवर्षी एक तरी कलम दुसऱ्याला दे.