मुका मार आणि मूत्रपिंडे

खेळाच्या मैदानावर गुडघ्यास मुका मार लागला म्हणजे ती जागा प्रथम काळीनिळी होते, पुढे हिरवट दिसू लागते आणि शेवटी पिवळी पडून पूर्ववत् होते. हा रंगपालट आमच्या बहुतेक वाचकांनी पाहिला असेल. त्याचे कारण मात्र थोड्यांनीच विचारले असेल. कातडीखाली जे रक्षणाचे काम असे उघड दिसते, तेच मूत्रपिंडांत दृष्टीआड चालते. त्याची ओळख करून देण्याचे आम्ही योजिले आहे.

रक्ताचा व स्नायूंचा तांबडा रंग हीम नामक लोहयुक्त द्रव्यामुळे येतो. हीम आपल्या जागी असते तोवर उपयुक्त. मोकळे सुटले की विषासारखे बाधते. १९४० साली लंडनवर बाँबवर्षाव झाला तेव्हा याचा दारुण प्रत्यय आला. ढिगाऱ्याखाली हातपाय चिरडलेली माणसे जिवंत बाहेर काढली जात. प्रथम ती बरी वाटत. परंतु पुढे लघवी कमी होत जाऊन थोड्याच दिवसांत कित्येकांचा अंत होई. बायवॉटर्स व बील या डॉक्टरांनी हा प्रकार १९४१ साली प्रसिद्ध केला. चिरडलेल्या स्नायूंतून मायोग्लोबिन सुटते, मूत्रपिंडाच्या सूक्ष्म नलिकांत जाऊन अडते, आणि त्यातील हीम व लोह तेथील पेशींचा नाश करिते.

मग पेशी स्वस्थ बसतात काय? मुळीच नाही. हीमची बाधा होऊ लागताच त्या हीम ऑक्सिजनेज नावाचे विकर अधिकाधिक तयार करितात. हे विकर हीमचे वलय फोडते. त्यातून लोह, किंचित् कार्बन मोनॉक्साइड व हिरवे बिलिव्हर्डिन निघते. सुटे लोह फेरिटिन नावाचे प्रथिन आपल्या पोकळीत कोंडून ठेवते, आणि बिलिव्हर्डिनचे पिवळे बिलिरुबिन होते. गुडघ्यावरील हिरवा व पिवळा रंग तो हाच! काविळीमुळे बदनाम झालेले बिलिरुबिन अल्प प्रमाणात पेशींचे रक्षणही करिते, याचे आम्हांस मोठे नवल वाटते.

१९९२ साली अमेरिकेत कार्ल नाथ व त्यांचे सहकारी यांनी उंदरांवर प्रयोग करून हे पडताळून पाहिले. स्नायूंस इजा करण्यापूर्वी हिमोग्लोबिन टोचून ज्यांच्या मूत्रपिंडांत हे विकर आधीच वाढविले होते, ते उंदीर बहुतेक वाचले. विकराचे काम बंद पाडले तेव्हा हानी वाढली.

तथापि विकर पुरेसे वाढण्यास काही तास लागतात, आणि मायोग्लोबिनचा लोंढा त्याआधीच येऊन धडकतो. म्हणून ढिगाऱ्यातून माणूस मोकळा करण्यापूर्वीच, शक्य असेल तर, डॉक्टर त्याच्या शिरेत मिठाचे निर्जंतुक पाणी सोडू लागतात. अशा माणसाची लघवी कोऱ्या चहासारखी काळपट दिसली, तर मायोग्लोबिन मूत्रपिंडांत पोहोचले असे समजावे आणि क्षणाचाही विलंब न लावता त्यास इस्पितळात न्यावे.