संशोधन-अधिछात्रवृत्तीचा शोध : आरंभ रुग्णनोंदवहीपासून

सार्वजनिक आरोग्य व सामाजिक शास्त्रे या क्षेत्रांतील अधिछात्रवृत्तीविषयी आपले तरुण व्यवसायबंधू विचारणा करतात ती बहुधा ‘अर्ज कोठे करावा?’ अशी. वस्तुतः संस्थेच्या आधी प्रश्न निश्चित व्हावा लागतो. आणि तो आशागडसारख्या गावातील चिकित्सालयात रोज समोर येऊन बसलेला असतो.

सर्पदंशाचेच उदाहरण घेऊ. डहाणू-तलासरीच्या पाड्यांवरील रुग्ण पुष्कळदा प्रथम भगताकडे जातो, मग वाहनाची शोधाशोध होते आणि सर्पविषरोधक लस मिळेपर्यंत मोलाचे तास निघून जातात. (विषबाधेत या लशीला पर्याय नाही, याविषयी अगदतंत्राच्या अभ्यासकांनीही संदेह बाळगू नये.) डहाणू उपजिल्हा रुग्णालयातील सर्पदंशाच्या नोंदींचा अभ्यास ‘इंडियन जर्नल ऑफ मेडिकल रिसर्च’मध्ये २०१९ साली प्रसिद्ध झाला. परंतु रुग्णालयाच्या नोंदवहीत तेथवर पोहोचलेलेच येतात. वाटेत गेलेल्या तासांचा हिशेब पाड्यालगतच्या वैद्याला आणि औषधविक्रेत्याला अधिक ठाऊक असतो.

दंश किती, विलंब किती, असे विचारले की विषय सार्वजनिक आरोग्याचा होतो. त्यासाठी भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेकडे पाहावे. तिचे आदर्श ग्रामीण आरोग्य संशोधन केंद्र डहाणूतच आहे. भगतावरील विश्वास, गाडीभाडे, बुडणारी मजुरी यांचा शोध घ्यावयाचा तर मार्ग १९६९ साली स्थापन झालेल्या भारतीय सामाजिक विज्ञान संशोधन परिषदेकडे जातो. मात्र तिच्या डॉक्टरल अधिछात्रवृत्तीसाठी पीएच.डी.ची नोंदणी आधी झालेली असावी लागते. येथेच अनेकांची गाडी अडते, कारण सामान्यतः त्यापूर्वी पदव्युत्तर पदवी हवी. देवनार येथील टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचे सार्वजनिक आरोग्याचे अभ्यासक्रम या दृष्टीने पाहण्यासारखे आहेत.

विद्यापीठ अनुदान आयोगाने ‘नेट’ परीक्षेत डिसेंबर २०२४ पासून ‘आयुर्वेद जीवशास्त्र’ हा विषय समाविष्ट केला. कनिष्ठ अधिछात्रवृत्तीची रक्कम १ जानेवारी २०२३ पासून दरमहा ३७,००० रुपये झाली. पण तिला वयाची अट आहे, तेव्हा दवाखाना स्थिरावल्यावर पाहू म्हणणाऱ्यांनी जाहिरात आधी वाचावी. अनुसूचित जमातीच्या विद्यार्थ्यांसाठी केंद्राच्या जनजातीय कार्य मंत्रालयाची राष्ट्रीय अधिछात्रवृत्ती स्वतंत्र आहे. आपल्या वारली विद्यार्थ्यांपर्यंत ही माहिती पोहोचविणे हे संघटनेचे कामच समजावे.

अधिछात्रवृत्तीविनाही नोंदवहीचे मोल कमी होत नाही. डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी महाड परिसरात विंचूदंशाच्या रुग्णांची बारकाईने निरीक्षणे केली आणि १९८२ साली ती ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाली. ग्रामीण दवाखान्यातील टिपणांचे सामर्थ्य याहून निराळे काय सांगावे?

नोंदी ठेवताना दंशाची वेळ, प्रथम कोणाकडे गेले, वाहन केव्हा मिळाले, लस केव्हा टोचली हे चार रकाने तरी असावेत. औषधविक्रेत्यांनी ‘दंशावर काही द्या’ म्हणून आलेल्यांची वेळ टिपून त्यांना तत्काळ रुग्णालयात धाडावे. मात्र या नोंदी संशोधनासाठी वापरावयाच्या तर नैतिक समितीची मान्यता आणि रुग्णाची त्याच्या भाषेतील संमती हवी. याबाबत आयुर्विज्ञान परिषदेची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वे अवश्य वाचावीत.

वर्षभराच्या नोंदी हाती आल्यावर प्रश्न, ठिकाण, पद्धती व अपेक्षित उपयोग सांगणारे एक पानाचे टिपण तयार करावे आणि तेच घेऊन मार्गदर्शक प्राध्यापकांची भेट मागावी.